फुसक्या बाराचे खापर काडतुसावर का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिकारी बंदुकांच्या देखभालीवर आपल्या अंकात आलेल्या टिपणात ‘बार उडाला नाही तर काडतूस बदलून पाहावे’ एवढाच सल्ला आहे. तो अपुरा आहे, आणि घाईने पाळला तर धोक्याचाही.

चाप ओढला, घोडा पडला, पण बार झाला नाही, तर नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून निदान ३० सेकंद थांबावे. ब्रेक-ॲक्शन (बिजागरीवर मोडून उघडणारी) रायफल एका खटक्यात उघडते, त्यामुळे हात लगेच लॅचकडे, म्हणजे ती बंद ठेवणाऱ्या कडीकडे, जातो. पण दारू कधी उशिराने पेटते, आणि नेमकी तेव्हा बंदूक उघडी असली तर काडतूस तोंडासमोर फुटते. आवाज झाला पण दबका, तर दुसरे काडतूस भरूच नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते. थांबून, बंदूक रिकामी करून, मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे.

मग काढलेल्या काडतुसाचे बूड निरखावे. प्रायमरवरचा (बुडातल्या, घाव बसताच पेटणाऱ्या टोपीवरचा) खड्डा गोल, खोल आणि मधोमध असेल तर दोष बहुधा काडतुसाचाच. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर बिजागरी किंवा लॅच सैल झाले असावे, नाहीतर फायरिंग पिनचे, म्हणजे प्रायमरवर आदळणाऱ्या खिळीचे, भोक झिजलेले. उथळ खड्ड्याची कारणे मात्र बरीच, आणि ती काडतूस बदलून जात नाहीत.

पहिला संशय फायरिंग पिनच्या वाटेवर घ्यावा. तिथे जुने तेल चिकट होऊन बसते, थंडीत आणखी घट्ट होते आणि पिनचा वेग खाते. ती वाट सॉल्व्हंटने धुऊन जवळजवळ कोरडी ठेवावी. ‘थोडे जास्त तेल बरे’ हा समज इथे नडतो.

दुसरे, नळीखालच्या ज्या पायरीवर लॅच बसते तिथला काजळीचा थर. लॅच पुरती बसली नाही की कित्येक रचनांत घोड्याचा पूर्ण घाव पिनपर्यंत पोहोचत नाही. एक्स्ट्रॅक्टरखाली (काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाखाली) पितळेचा कीस अडकला तरी काडतूस पुरते आत जात नाही.

ट्रान्सफर बार असलेल्या बंदुकीत तर दोष अनेकदा बोटाचा असतो. घोड्याचा घाव पिनपर्यंत नेणारी ही पट्टी चाप मागे दाबलेला असेपर्यंतच वर राहते. चाप टिचकी मारल्यासारखा सोडला की पट्टी खाली येते आणि घाव अर्धवट पडतो. बार होईपर्यंत चाप मागे धरून ठेवावा. एरवी चांगली बंदूक उगाच दुरुस्तीला जाते.

घरी भरलेल्या काडतुसांची तऱ्हा निराळी. दुसऱ्या घावाला बार होत असेल तर बहुधा प्रायमर उंच बसलेला असतो: पहिला घाव त्याला खाली बसवण्यातच खर्ची पडतो. बोट फिरवले तर प्रायमर बुडाशी समपातळीत किंवा किंचित, ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर, खाली लागला पाहिजे. .३०८ सारखे बिनकडेचे (बुडाला बाहेर आलेली कड नसलेले) काडतूस खांद्यावर, म्हणजे मानेकडे जिथे ते निमुळते होते तिथे, टेकते. सायझिंग डाय (वापरलेले काडतूस पुन्हा मापात आणणारा साचा) जास्त खाली लावून खांदा मागे ढकलला गेला की पिनच्या घावासरशी काडतूसच पुढे सरकते. .३०-३० किंवा .४५-७० कडेवर टेकतात, म्हणून त्यांत हा दोष कमी दिसतो.

चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग कापणारेही आहेत. अशा बंदुकीला नवी स्प्रिंग हाच उपाय. पिन पुढे किती यावी याचा आकडा निर्मात्याच्या पत्रकातून घ्यावा, आणि पिन वा हेडस्पेसचे (काडतुसाला आत मिळणाऱ्या जागेच्या मापाचे) काम कारागिराकडेच द्यावे. हे सगळे तपासून झाल्यावर दुसऱ्या कंपनीची पाच-सहा काडतुसे जरूर उडवून पाहावीत, मात्र तेव्हा बंदुकीत दुसरा काहीही बदल करू नये.

आपला,
एक नेमबाज वाचक