मीनलला पत्र: झाडणं जरा कमी कर

इचलकरंजी
पितृपक्ष

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ईशानच्या खोकल्याचं कळलं. डॉक्टरांनी कागदावर 'डस्ट अ‍ॅलर्जी' लिहिल्यापासून तू दिवसातून तीनतीनदा घर झाडतेस, पडदे झटकतेस, आणि पोरगं तरी पहाटे खोकतंच, असं आई सांगत होती. फोनवर नीट बोलणं होत नाही, मध्येच तुझ्या कुकरची शिट्टी होते, म्हणून लिहितोय. पहिली गोष्ट, झाडणं कमी कर. दुसरी, घर अस्वच्छ म्हणून पोराला हे झालं असं कुणी सुचवलं असेल, तर ते या कानाने ऐक आणि त्या कानाने सोडून दे. चकचकीत घरातल्या मुलांनाही दमा असतो.

धुळीतलं मला थोडंफार कळतं. सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरतात तिथे, माझी उभी हयात गेली. पाळीवरून घरी आलो की भुवयांवर कापूस बसलेला असायचा आणि तू 'अप्पा म्हातारे झाले' म्हणून हसायचीस. त्या कापसाचं आम्हाला काही वाटायचं नाही. तो दिसायचा, नाकात अडकायचा, शिंकरला की बाहेर. छातीत उतरायची ती त्याच्यासोबत उडणारी, डोळ्याला न दिसणारी बारीक धूळ. साप्ताहिक सुट्टी संपवून कामावर गेलं की पहिल्याच दिवशी दुपारपासून छाती आवळून यायची, मग आठवडा सरेल तशी सैल पडायची. जुने कामगार 'छाती भरली' एवढंच म्हणायचे. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. धुळीवर उतारा म्हणून गुळाचा खडा मिळायचा. आता गूळ जातो अन्ननलिकेतून आणि धूळ श्वासनलिकेतून, दोघांची गाठ पडणार कुठे? पण गूळ चांगला असायचा, नको कोण म्हणतो!

घरातही तोच हिशेब आहे. टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचली की आपला जीव वरखाली होतो. ती पुसावी, पण ईशानचा पहाटेचा खोकला बहुतेक तिच्यामुळे नाही. त्याचं कारण तो झोपतो तिथेच असणार.

घरधुळीत माइट नावाचे किडे असतात. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. चावत नाहीत की काही नाही. आपल्या अंगाची कातडी रोज झडते, तिच्यावर जगतात. घरधुळीच्या अ‍ॅलर्जीमागे हे आहेत हे १९६० च्या दशकात हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं. बाधते ती मुख्यतः त्यांची विष्ठा. तिचे कण साधारण वीस मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी, पण हवेत तरंगायला जड. झटकलं की उडतात आणि काही मिनिटांत पुन्हा खाली बसतात. आता तूच बघ, तू कोरड्या झाडूने आणि झटकण्याने काय करतेस: खाली बसलेलं उठवतेस, आणि ते नेमकं ईशानच्या नाकाच्या उंचीवर. लहान मूल जमिनीलगत वावरतं आणि वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं. तेव्हा आधी ओल्या फडक्याने फरशी पुसायची, झाडायचंच असेल तर तो शाळेत गेल्यावर. पंख्याची पाती, सोफ्यामागचा कोपरा, पलंगाखालचा भाग, हेसुद्धा ओल्यानेच.

हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून घेतात. हवा कोरडी राहिली की सुकून मरतात. गिरणीत धागा तुटू नये म्हणून आम्ही मुद्दाम हवा दमट ठेवायचो, तुमच्या मुंबईत ते काम समुद्रच करतो. त्यात तुम्ही पावसाळाभर ओले कपडे बेडरूममध्ये दोरीवर टाकता. ते आधी बंद कर. बाहेर जागा नसेल तर हॉलमध्ये, पंख्याखाली वाळव. सकाळी उठल्या उठल्या चादर ताठ ओढून पलंग झाकायची तुझी सवय आहे ना, तीही सोड. रात्रभराचा घाम आधी उडू दे.

घट बसायच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुवायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्या आजीच्या काळी बायका गाठोडी घेऊन नदीवर जायच्या, दिवसभर गोधड्या आपटायच्या आणि उन्हात पसरायच्या. पावसाळ्यात हे किडे सगळ्यात जास्त वाढतात, आणि तो सरता सरता ही धुणी निघायची. किड्यांचा पत्ता कुणाला होता? पण वेळ बरोबर साधलेली होती. ईशान जी गोधडी उराशी धरून झोपतो, ती आजीच्या लुगड्यांच्या पाचसहा थरांची. तिच्या आत किती वर्षांचं काय साठलं असेल याचा विचार कर. फेकू नकोस, पण धू. गार पाण्याने विष्ठा निघून जाते, किडे मरत नाहीत. त्यांना साठ अंशाचं पाणी लागतं, तुझ्या मशीनवर तो आकडा असेल. त्याच्या चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला तसेच धू. आणि त्याचं ते कानतुटकं अस्वल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एक अख्खा दिवस फ्रीजरमध्ये ठेव, मग धू. थंडीने किडे मरतात. ईशानला सांग, अस्वल काश्मीरला गेलंय.

आता हवा शुद्ध करायच्या यंत्राबद्दल. निखिलराव वीस हजारांचं बघतायत म्हणे. यंत्र वाईट नाही. समोरच्या जुन्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, त्याची बारीक धूळ खिडकीतून येते आणि हेपा फिल्टर असलं तर ती बरीच अडते. पण माइटच्या अ‍ॅलर्जीसाठी म्हणून घेत असाल तर थांबा. ती हवेत नाही, गादीत आहे, आणि यंत्र गादी ओढून घेत नाही. ओझोन सोडणारं यंत्र तर फुकट मिळालं तरी घेऊ नका, ओझोननेच छातीला त्रास होतो. समोरच्या बांधकामाचं म्हणशील तर महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढलेत: भोवती पत्र्याचं उंच कुंपण, इमारतीला कापड, पाण्याचे फवारे, राडारोडा नेणारे डंपर झाकलेले. सोसायटीच्या लेटरहेडवर, फोटो जोडून तक्रार द्या. एकट्याने बाल्कनीतून ओरडून काही होत नाही. आणि तोडफोड चालू असेल त्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या.

एक गोष्ट मात्र तू विचारली नाहीस, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. दिवाळीआधी घराला रंग द्यायचाय म्हणालीस. तुमची इमारत जुनी, दारं-चौकटींवर ऑइल पेंटचे थरावर थर. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, त्यातही पिवळ्या नि लाल रंगात, शिसं भरपूर असू शकायचं. रंगारी येतो, पॉलिश पेपर घेतो आणि कोरडंच घासतो. पिठासारखी भुकटी घरभर होते, आठवडाभर कपाटाच्या सांदीत सापडते. तिच्यातलं शिसं खोकला आणत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पोर जमिनीवर गाडी फिरवतं, तेच बोट तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाच्या पोटातून शिसं चारपाच पट जास्त रक्तात जातं, अंगात लोह कमी असेल तर आणखी. जातं ते मेंदूवर. इतकं असलं तर चालतं अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून रंगकाम करायचं तर कोरडं घासू द्यायचं नाही, ओला पेपर वापरायला लावायचा. रंगारी कुरकुरेल, वेळ लागतो म्हणेल, दे चार पैसे जास्त. त्या दिवसांत ईशानला इकडे पाठव किंवा आजीकडे ठाण्याला. काम झालं की फरशी आणि खिडकीच्या कडा दोनदोनदा ओल्याने पुसायच्या. माळ्यावर तुझा पिवळा पांगुळगाडा आहे तो ईशानला खेळायला देऊ नकोस, त्याचे पोपडे निघतात. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवायची सवय, ती तर फुकटात पडते. अमेरिकी पर्यावरण खात्याच्या अंदाजाने लहान मुलाच्या पोटात माती आणि धूळ मिळून दिवसाला साठ ते नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास जाते, आणि ते बहुतेक हातावाटे.

संध्याकाळच्या कॉइलचं तुझ्या सासूबाईंना तूच सांग, मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. चीन आणि मलेशियातल्या कॉइलींवरचा एक अभ्यास २००३ मध्ये आला होता: एका कॉइलमधून निघणारा बारीक कणांचा धूर ७५ ते १३७ सिगरेटींइतका भरला. बंद खोलीत, पोर झोपलेलं असताना! मच्छरदाणी लावा, पण तीही महिन्यातून धुवा. देवापुढे उदबत्ती लावायची तर खिडकी उघडून एक लावा, गुच्छ नको. समई चालते.

हे सगळं वाचून तू घर औषधाच्या दुकानासारखं करायला जाशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. तसं करू नकोस. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत, मूळ एकच, राहणी बरीच सारखी. आमिशांची गुरं घराला लागून, मुलं गोठ्यात वाढतात. हटराइटांची शेती यंत्रांची, गोठे घरापासून लांब. २०१६ मध्ये दोघांच्या मुलांची तुलना झाली: दमा आमिश मुलांत शंभरात पाच, हटराइट मुलांत एकवीस. आणि आमिशांच्या घरातल्या धुळीत जंतूंचा अंश जवळजवळ सातपट. तेव्हा सगळीच धूळ वैरीण नाही. अर्थात मुंबईच्या फ्लॅटमध्ये गाय बांधता येत नाही, आणि ज्याला अ‍ॅलर्जी जडली त्याला गोठ्यात नेऊन ती जात नाही. पण चिखलात खेळू द्या, कुत्र्याला हात लावू द्या, झाडाखाली लोळू द्या. घरी आला की हातपाय धू म्हणजे झालं.

आणि ईशानचा दम्याचा पंप. तुझ्या आत्याने 'पंपाची सवय लागते' असं तुला सांगितलंय, मला कळलं. आत्याच्या हातचं पुरण घे, सल्ला नको. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुफ्फुसात जातं, तेच पातळ औषधातून द्यायचं तर कितीतरी जास्त द्यावं लागतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती पोकळ नळी, लावूनच दे, नंतर चूळ भरायला लाव. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नकोस, कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि माइटचीच अ‍ॅलर्जी आहे का याची त्वचेवरची टेस्ट होते, ती करून घ्यायची का तेही विचार. झुरळांची अ‍ॅलर्जीही मुलांमध्ये बरीच असते, तुमच्या ओट्याखाली ती आहेत हे मी गेल्या खेपेला बघितलंय.

गादीचं राहिलं. आपल्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. खऱ्या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी त्या भागातल्या हॉस्पिटलांमधून दम्याच्या आणि माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना गादी-उशांना घट्ट विणीच्या खोळी दिल्या, काहींना साध्या. वर्षभरात जोराचा दमा लागून हॉस्पिटलात यावं लागलं ते घट्ट खोळींवरच्या मुलांत शंभरात २९, साध्या खोळींवरच्यांत ४१-४२. अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. दमा गेला नाही, पण धावाधाव कमी झाली. एवढा एकच उपाय करून काही होत नाही असं सांगणारेही अभ्यास आहेत, म्हणून बाकीचं वर लिहिलंय तेही कर.

इथे कापडाला तोटा नाही, पण साधं पॉपलीन चालायचं नाही. छिद्रं दहा मायक्रॉनपेक्षा बारीक लागतात. गिरणीतला माझा एक जुना सोबती आता प्रोसेस हाउसला असतो, त्याला तसलं कापड बघायला सांगितलंय. न मिळालं तर तिकडे तयार खोळी विकत घे. मिळालं तर आई चेन लावून शिवून देईल, सहाही बाजूंनी बंद. तेव्हा ईशानच्या गादीची लांबी, रुंदी आणि जाडी टेपने मोजून कळव, अंदाजाने नको. दोन उशांचीही मापं दे. निखिलरावांना नमस्कार, ईशानला गोड पापा.

तुझे
अप्पा