गाडी बघायला जाण्याआधी

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून करून पाहिले. गाडी दिसायला छान आहे, रंगही आईच्या आवडीचा आहे. '२०१६ चं मॉडेल, एकच मालक, जेमतेम ३१ हजार किलोमीटर, अगदी नव्यासारखी' हे वाक्य मात्र तुमचं वाटत नाही, विकणाऱ्याचं वाटतं. खरं असेलही. पण घ्यावी का, असं मला विचाराल तर आज माझं उत्तर 'थांबा' असं आहे. आणि त्याचं पहिलं कारण गाडी नाही, तुम्ही दोघं आहात.

तुमचा डावा गुडघा दुखतो, हे तुम्ही फोनवर टाळलंत तरी आई सांगतेच. क्लच डाव्या पायानेच दाबायचा असतो. मोकळ्या रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही, पण वाहनांच्या गर्दीत दर दहा-वीस पावलांवर क्लच दाबा, सोडा, पुन्हा अर्धा धरून ठेवा, हा गुडघ्याला व्यायाम नव्हे, शिक्षा आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तुम्ही आजवर नाक मुरडत आलात. 'गाडी आपण चालवायची, गाडीने आपल्याला नाही', हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. तरीही हट्टाने सांगते, या वेळी ऑटोमॅटिकच बघा. फोटोतली गाडी तशी नाही.

दुसरा प्रश्न सीटच्या उंचीचा. आई, हे तू तपासायचंस. दार उघडून सीटसमोर पाठ करून उभी राहा आणि बस. बसताना खाली धपकन जावं लागलं, किंवा उलट वर चढावं लागलं, तर ती गाडी तुझ्यासाठी नाही. नुसतं सरकून बसता आलं पाहिजे, आणि उठताना दाराला लोंबकळावं लागता कामा नये. उंबरठ्याची पट्टी रुंद असेल तर पाय बाहेर काढतानाही त्रास होतो. हे एकदा करून सोडून देऊ नकोस, चार-पाच वेळा चढ-उतर कर. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे. बाबांनी तेवढ्या वेळात मान वळवून मागच्या काचेतून किती दिसतं ते बघावं. हल्लीच्या गाड्यांच्या मागच्या काचा निमुळत्या झाल्यात आणि मानही पूर्वीसारखी वळत नाही.

तिसरी गोष्ट इंधनाची. गाडी डिझेल आहे. तुमचं जाणं-येणं काय? भाजी, बँक, डॉक्टर, कधीतरी मावशीकडे. इंजिन पुरतं तापायच्या आत तुम्ही घरी पोचलेले असता. बऱ्याच डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. अडकलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी फिल्टर साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. ते काम लांबच्या, सलग प्रवासात नीट होतं. नुसत्या छोट्या फेऱ्यांनी फिल्टर तुंबतो, आणि काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल न जळता हळूहळू इंजिन ऑइलमध्ये उतरतं. या गाडीला असा फिल्टर आहे की नाही ते विचारा. नसला तरी डिझेलचा मायलेज तुमच्या एवढ्याशा वापरात किती पैसे वाचवणार? तुमच्यासाठी साधं पेट्रोल इंजिन बरं.

आता '३१ हजार'कडे येते. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. उभ्या गाडीचंही वय वाढतं. रबर कडक होतं, सील सुकतात, बॅटरी मरते, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. म्हणून तर बऱ्याच कंपन्या ते किलोमीटर न बघता दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. टायमिंग बेल्टचंही तसंच, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचं. गाडीला बेल्ट आहे की चेन, हे आधी विचारा. बेल्ट असेल तर तो किलोमीटरवर किंवा वर्षांवर, जे आधी भरेल त्यावर बदलायचा असतो. चालत्या गाडीत तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. 'बदललाय' हे तोंडी ऐकून घेऊ नका, बिल मागा. नियमित सर्व्हिसिंग झालेली ८० हजारांची गाडी मी कपाटात ठेवल्यासारख्या ३१ हजारांच्या गाडीपेक्षा आधी घेईन.

शिवाय ते ३१ हजार खरे आहेत का? डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो, त्यासाठी उपकरणं मिळतात. पण सगळी गाडी मागे फिरवता येत नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत पुढच्या टायरच्या बाजूवर आकडे दिसतायत, शेवटचे चार '३७१९'. म्हणजे २०१९ चा ३७ वा आठवडा, टायर तेव्हा कारखान्यातून निघाला. २०१६ च्या गाडीचे टायर इतक्या लवकर का बदलले? खड्ड्यात फाटला म्हणून एकच बदलला असेल तर काही बिघडलं नाही. चारही त्याच सुमाराचे असतील तर गाडी तोवरच बरीच पळाली होती, असा संशय घ्यायला जागा आहे. बाकीच्या तीन टायरांचे आकडे बघा, स्टेपनीचेही. क्लचच्या पेडलवरचं रबर एका कडेने गुळगुळीत झालंय, हेही मला फोटोत दिसलं. ३१ हजारांत ते तितकं झिजू नये. स्टिअरिंगवरची चकाकी आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा, तिथेही हेच कळेल. मी कोणाला खोटं ठरवत नाही. सर्व्हिसची जुनी बिलं मागा, त्यांवर प्रत्येक वेळचा किलोमीटरचा आकडा असतो. तो आकडा ओळीने वाढत गेलेला दिसला की माझी तक्रार संपली.

गाडी बघायला दिवसाउजेडी जा, पावसात नको. ओल्या पत्र्यावर पोचे आणि रंगातला फरक लपतो. आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन आम्ही आल्यावर सुरू करायचं. पोचल्यावर सहज म्हणून बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होताना जे कळलं असतं, ते आता कळणार नाही. त्या दिवशी परत या. थंड असेल तर आईने मागे उभं राहून सायलेन्सर बघायचा. सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येणं साहजिक आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा, दाट, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आत जातंय, आणि ती दुरुस्ती मोठी असते. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका, बाबा. सवय आहे तुम्हाला.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे एकदम लागतात आणि थोड्या वेळाने एकेक जातात. आपण ते न गेलेले दिवे बघतो. पण जो मुळात लागलाच नाही, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. एअरबॅगचा दिवा क्षणभरही लागला नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि मग आतली एअरबॅग आहे की नाही कोण सांगणार? मेकॅनिककडे ओबीडीचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारं यंत्र, असतोच. त्याला फक्त चुका वाचायला सांगू नका, 'आदल्या दिवशी पुसल्यात का' तेही बघायला सांगा. मेमरी नुकतीच पुसली असेल तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात.

पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. तळाच्या भागावर डाग किंवा गाळाची रेघ असेल तर पुढे बोलायचंच नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, हेडलाइटच्या आत ओल, आणि आत शिरल्या शिरल्या सुगंधाचा भपकारा, ही त्याच घरची माणसं.

चालवून बघताना रेडिओ बंद, काचा खाली आणि मालकाच्या गप्पाही शक्यतो बंद. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कटकट आवाज आला तर ॲक्सलचे जॉइंट गेलेत. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग तेवढा चढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपत आली. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खराब रस्त्यावर खालून काय काय वाजतं, एसी लावल्यावर इंजिन दबतं का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ऑटोमॅटिक बघाल तेव्हा आणखी एक करा. उभ्या गाडीत ब्रेक दाबून रिव्हर्स टाका, मग ड्राइव्ह. गिअर पडायला वेळ लागला किंवा झटका बसला तर गिअरबॉक्सचा खर्च डोळ्यांसमोर आणा.

एवढं करूनही शेवटचा शब्द आपल्या मेकॅनिकचा. मालकाच्या ओळखीचा नको, दलालाचा तर नकोच. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायची. अपघातात वाकलेली आणि पुन्हा सरळ केलेली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वरून कळत नाही. मालक म्हणाला, 'माझा विश्वास नाही का?' तर गोड हसून उठा. खरी गाडी विकणाऱ्याला तपासणीचं वावडं नसतं.

कागदपत्रांवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. तेव्हा गोल दिसलं की शून्यच समजा. तोच नंबर मला पाठवा. कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून त्या गाडीचा काही रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का ते मी बघते. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधले इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारे भाग, उष्णतेने आणि दमटपणाने खराब होऊन फुटायचे, धातूचे तुकडे आत उडायचे. अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या त्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. जुन्या गाड्या मालक बदलत जातात आणि कंपनीचं पत्र आधीच्याच पत्त्यावर जाऊन पडतं. गाडीवर कोणाचं कर्ज बाकी आहे का, याचंही लेखी उत्तर हवं.

पैशांचं म्हणाल तर मागितलेल्या भावात किती कमी होतील, यात तुम्ही रमाल. मला उलटी बेरीज हवी आहे. मेकॅनिक सांगेल ते टायर, बेल्ट, बॅटरी, ब्रेक, विमा सगळं भावात मिळवा आणि तो आकडा 'गाडीची किंमत' म्हणून बघा. हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका, पहिल्या वर्षासाठी निदान दहावा हिस्सा बाजूला राहू द्या. आणि आई, तू म्हणालीस की टॅक्सीने गेलो तरी चालतं. ते मी हसण्यावारी नेलेलं नाही. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहा. तरीही बाबांना गाडी हवी असेल, तर घ्या. मनात येईल तेव्हा उठून निघता येणं, याचेही पैसे मोजायला मला हरकत नाही.

या डिझेल गाडीला मी असेन तर नाही म्हणेन. पण तुम्ही शनिवारी बघायला जायचं ठरवलंच आहे, तर जा, सराव होईल. चेकबुक घरी ठेवा. इसार म्हणून एक पैसाही द्यायचा नाही, 'दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय' असं ऐकलंत तरी. येणाऱ्याला येऊ दे. मी इकडे ऑटोमॅटिक पेट्रोल गाड्या शोधायला लागलेच आहे. दोन-तीन बऱ्या वाटल्या की त्यांचे फोटो पाठवते, त्यातल्या सीटच्या उंचीवर आईने आधी मत द्यायचं. आणि मेकॅनिक जे बोलेल ते आईने लिहून घ्यायचं आणि तिनेच मला फोनवर वाचून दाखवायचं. बाबा, तुम्ही सांगितलंत तर सगळंच 'किरकोळ' होतं.

तुमची,
लेक