रविवारी ‘जलसाघर’: सभासदांसाठी सूचना

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता आपल्या नेहमीच्या सभागृहात सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’ (१९५८) दाखवणार आहोत. ताराशंकर बंद्योपाध्यायांच्या कथेवरचा हा कृष्णधवल बंगाली चित्रपट आहे. जमीन नदीने गिळली, तिजोरी रिकामी झाली, तरी शेजारच्या नवश्रीमंतापेक्षा आपली मैफल वरचढ ठरावी म्हणून हट्टाला पेटलेला जमीनदार छबी विश्वास यांनी उभा केलाय. मद्याच्या पेल्यात तडफडणारा किडा जरूर बघा. संगीत विलायत खाँ यांचं. पडद्यावर प्रत्यक्ष बेगम अख्तर गातात आणि रोशनकुमारींचं कथकही आहे. केवळ त्या नाचासाठी यावं, असं माझं मत!

- दारं ६ला बंद होतील. सुरुवातीचं हलणारं झुंबर चुकवू नका.
- मोबाइल बंद. मैफलीच्या प्रसंगात कुजबुजही नको (वाहवा चालेल).
- उपशीर्षकं इंग्रजी आहेत. ज्येष्ठांसाठी पुढच्या दोन रांगा मोकळ्या ठेवा.
- ओळखपत्र आणा. सोबत एकच पाहुणा, त्याचं नाव शुक्रवारपर्यंत चिटणीसांना कळवा.

मध्यंतर नाही. चहा चित्रपटानंतर, गप्पांसोबत.

– कार्यकारिणी