आईचा पाय मांडीवर घेणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा तीन महिन्यांची तपासणी झाली, तेव्हा दारातून निघताना नुसतं "थँक्यू" म्हणाले. घरी आल्यापासून ते फार अपुरं वाटतंय.

आईच्या उजव्या तळपायाचा काळा तीळ मी लहानपणापासून बघतेय. तळपायाला तीळ म्हणजे परदेश घडणार, असं आजी म्हणायची. आईला घडलं ते शेत आणि पंढरपूर. यंदा तीळ मोठा झाल्यासारखा वाटला आणि आमची झोप उडाली.

तुमच्याआधी दोन ठिकाणी गेलो. एकांनी खुर्चीतून न उठता लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "कॅन्सर असू शकतो, कापून टाकू." दुसरे म्हणाले, मशीननं पाच मिनिटांत जाळून देतो. जाळलं की तपासायला तुकडाच उरत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या पंधरा दिवसांत आई जेवायची बंद झाली होती. ते मी विसरू शकत नाही.

तुम्ही मात्र स्टूल ओढून आईसमोर खाली बसलात आणि तिचा पाय सरळ मांडीवर घेतलात. भेगाळलेला, शेतातल्या मातीनं काळवंडलेला पाय. आई एकदम अवघडली, "अहो, पाय कुठं घेताय!" म्हणून मागे ओढायला लागली. तुम्ही घोटा तसाच धरून म्हणालात, "आजी, पाय बघायलाच बसलेय ना मी." आईचा खांदा सैल पडलेला मी पाहिला. माझ्यासाठी निम्मा आजार तिथंच उतरला होता.

मग तुम्ही तळव्यावर शाई फिरवून कापसानं पुसलीत. शाई बारीक खाचांत राहिली. त्यावर डर्माटोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, टेकवून मला बोलावलंत: तिळाचा तपकिरी रंगही त्याच खाचांमधून रेघांसारखा गेला होता. रंग खाचेत असला तर बहुतेक साधाच तीळ. दोन खाचांमधल्या कंगोऱ्यांवर असता, तर तुकडा काढून तपासायला पाठवला असता, म्हणालात. आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, दुर्मीळ, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावरच, हेही लपवलं नाहीत. घाबरवणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं, ते त्या दिवशी समजलं.

शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढलात, केसपेपरवर पायाचं चित्र काढून ठिपका दिलात. परवा दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर आकार, कडा, रंग सगळं तेच. आईनं स्वतः बघितलं, म्हणून तिला पटलं.

शिकलेली माणसं खूप भेटतात, मॅडम. दुसऱ्याच्या आईला आपल्या आईसारखं हाताळणारी फार थोडी.

आता वर्षानं बोलावलंय. मध्ये वाढला, रंग बदलला किंवा रक्त आलं तर लगेच यायचं. आई तिळाकडे ढुंकूनही बघत नाही. भेगांना मात्र रोज रात्री कोकमाचं तेल चोळते. मॅडमच्या मांडीवर पाय ठेवायचाय, म्हणते.

तुमची कृतज्ञ,
पेशंटची मुलगी