‘कथा कोणाची?’ विचारणाऱ्या डीटीपीवाल्या काकांना

प्रिय काका,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. “अहो मॅडम, एक पान तर टाइप केलं,” म्हणाल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळाल. पण माझ्या पटकथेच्या त्या एका पानापायी, मुखपृष्ठापायी, मी इतकी वणवण केली आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या अंधेरीच्या गाळ्यात येण्याआधी ते पान पटकथेच्या कार्यशाळेतल्या आमच्या सरांच्या हातून गेलं होतं. फी त्यांनी घसघशीत घेतली. बदल्यात मुखपृष्ठावर फिल्मच्या रिळाचं चित्र आलं, सोनेरी चौकट आली, ‘सर्व हक्क सुरक्षित’ असा दम आला आणि माझ्या नावाच्या वर, माझ्यापेक्षा ठसठशीत अक्षरात, ‘मार्गदर्शन’ म्हणून खुद्द सर आले. जिच्याबरोबर बसून ही गोष्ट रचली त्या मैत्रिणीचं नाव मात्र गायब. “ती आता या लाइनीत नाही ना? मग कशाला?” इति सर.

पुढे एका निर्मात्याच्या ऑफिसातल्या मुलाने फाइल उघडली, तर जुन्या फॉन्टमुळे सगळ्या मराठीचा इंग्रजी अक्षरांत भुगा झालेला. “फाइल खराब आहे,” एवढं बोलून त्याने मान मोबाइलमध्ये घातली. काय करून आणू, हे सांगायला त्याला किती वेळ लागला असता?

तुम्ही ती चौकट बघितलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, “पत्रिका लग्नाची आहे की मुंजीची?” महिन्याभरात पहिल्यांदा मी खळखळून हसले. मग सगळं पुसून टाकलंत. पान जवळजवळ कोरं राहिलं. वरून साधारण एक तृतीयांश जागा सोडून सिनेमाचं नाव, त्याखाली लिहिणाऱ्यांची नावं, तळाच्या कोपऱ्यात फोन-ईमेल आणि खर्ड्याची तारीख. चित्र नाही, पान क्रमांकही नाही. इंग्रजी प्रतीला १२ पॉइंटचा ‘कुरिअर’ फॉन्ट लावलात. टाइपरायटरच्या काळापासूनची ही रीत. प्रत्येक अक्षराला सारखी जागा मिळते, म्हणून एक पान म्हणजे पडद्यावरचं अंदाजे एक मिनिट हा हिशेब जमतो. कुरिअरमध्ये देवनागरी नाही आणि आपल्या वेलांट्या-जोडाक्षरांना तो हिशेब मानवतही नाही, म्हणून मराठी प्रतीला साधा युनिकोड फॉन्ट. ‘हक्क सुरक्षित’ही उडवलंत. “लिहिलंत तेव्हाच कॉपीराइट तुमचा झाला. पुरावा हवा तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदणी करा. पानावर कशाला दम देताय?”

हे सगळं शिकलेलं कोणीही करून दिलं असतं, काका. पुढचं नसतं केलं.

‘पटकथा-संवाद’ टाइप करून तुमची बोटं थांबली. “आणि कथा कोणाची?” मी मैत्रिणीबद्दल सांगितलं. सरांसारखं ‘मग कशाला’ येईल म्हणून मनाची तयारी ठेवूनच. तुम्ही फक्त म्हणालात, “फोन लावा त्यांना. नाव कसं लिहितात ते विचारा. आपण अंदाजाने नाही टाकायचं.”

बाहेर झेरॉक्ससाठी रांग होती. तिला तुम्ही हातानेच थांबवलंत.

ती सांगलीला शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत फोन उचलला. मी विचारलं तर आधी काही बोललीच नाही, मागे पोरांचा दंगा तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, “माहेरचं लाव. लिहीत होते तेव्हा तेच होतं.” तुम्ही ‘कथा’च्या पुढे दोघींची नावं घातलीत, तिचं आधी. का, ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. ते पान मी तिला पाठवलं तेव्हा तिचा उलटा फोन आला आणि आम्ही दोघी नुसत्या रडलो. अजूनही हे लिहिताना घसा दाटतो आहे.

या धंद्यात लेखकाला ‘आपला माणूस’ म्हणून चहा पुष्कळ पाजतात, नावाची वेळ आली की कोणाला जागा सापडत नाही. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, सिनेमाच्या लेखकांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला. पण पहिल्या पानावरूनच नाव गळलं तर हक्क मागायचा कोणी? परिसंवादांतून यावर तावातावाने बोलणारे मी खूप ऐकले. कीबोर्डवरचा हात थांबवून विचारणारे तुम्ही एकटे भेटलात. आणि ज्यांच्याकडे रोज एवढ्या संहिता टाइप होऊन जातात त्या माणसाचं नाव कुठल्याच पानावर नसतं, हेही मला तुमच्या गाळ्यातच उमगलं.

संहिता सध्या एका निर्मात्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही. होकार येवो की नकार, दुसऱ्या खर्ड्याची तारीख बदलायला तुमच्याकडेच येणार. मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीत मुंबईत आहे, तिलाही आणते. तिला ती लग्नपत्रिका बघायची आहे. जुनी फाइल अजून ठेवली असेल तर पुसू नका.

तुमची,
‘पटकथा-संवाद’वाली