शून्य शिल्लक खात्याची माहिती शाखेतच मिळावी

मा. संपादक,

मी पारोळा तालुक्यात बचत गटांचं काम करते. सध्या वेचणी जोरात आहे. बायका दिवसभर कापूस वेचून येतात आणि रात्री पासबुक घेऊन माझ्या ओट्यावर बसतात. परवा एकीने विचारलं, "ताई, मना पैसा कोठे ग्यात?" पासबुक पाहिलं, तर लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा झाले होते आणि लगेच खाली किमान शिल्लक नसल्याचा दंड, त्यावर जीएसटी! तिचं खातं साधं बचत खातं आहे. किमान शिल्लक न लागणारं दुसरं खातं असतं हे तिला शाखेत कुणी सांगितलंच नाही.

रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बँकांना असं खातं काढायला सांगितलं. २०१२ पासून त्याला 'मूलभूत बचत ठेव खातं' म्हणतात. जनधनचं खातंही याच प्रकारचं. यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, एटीएम कार्ड फुकट मिळतं, महिन्यातून चार वेळा पैसे काढले तरी काही कापत नाहीत. जुनं साधं खातं लेखी अर्ज देऊन या प्रकारात बदलता येतं. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं चालत नाही. काउंटरवर मात्र "जनधन बंद झालं" असं सांगून बायकांना परत पाठवतात. ती योजना २०१८ मध्ये सरकारने पुढे चालू ठेवली, ती आजही सुरू आहे.

गावात बँक मित्र, म्हणजे बँकेचा प्रतिनिधी येतो, पण बोंडांनी सोललेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही. आधारची सुरुवात २०१० मध्ये आपल्याच खान्देशात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत झाली, आणि इथल्याच मजूर बायांचा अंगठा लागत नाही, याचं फार वाईट वाटतं. मग एसटीने तालुक्याला जायचं, मजुरी बुडवायची आणि तिथेही अर्धवट उत्तर ऐकून परतायचं.

जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय करणाऱ्या बँकेने, प्रत्येक शाखेत या खात्याचा मराठी फलक दर्शनी भागात लावायला सांगावं आणि खातं बदलण्याचा अर्ज काउंटरवरच ठेवायला लावावा. अर्ज भरून द्यायला आमच्या गटातल्या शिकलेल्या मुली तयार आहेत. शाखेने तो घ्यावा आणि शिक्का मारून पोच द्यावी.

– बचत गट कार्यकर्ती, ता. पारोळा, जि. जळगाव