ससा उलटा पळतोय

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीतलं ‘ठसे ओळखा’ हे कोडं ई-पेपरवर नातवाबरोबर सोडवत होते. त्यातला ससा उलट्या दिशेने पळतोय! बाण काढलाय छोट्या ठशांच्या बाजूला. तो हवा मोठ्या ठशांच्या बाजूला. ससा उडी मारून जमिनीवर येतो तेव्हा आधी पुढचे छोटे पाय टेकतात, साधारण एकामागे एक. मग मागचे लांब पाय त्यांना ओलांडून पुढे पडतात, जोडीने. खारीचे ठसेही असेच दिसतात, पण तिचे पुढचे पायसुद्धा शेजारी शेजारी पडतात.

चित्रकाराला हसायचा मला अधिकार नाही. मी लेकीकडे एडिसनला (न्यू जर्सी) आले आहे. जानेवारीत रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी कुंपणालगत ठशांची रांग दिसली. सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसते दाट केस, त्यामुळे ठशात बोटं धड उमटत नाहीत. नातू म्हणाला, “आजी, ससा कुठे गेला ते बघू या.” आम्ही माग काढत गेलो आणि पोचलो तो ससा जिथून निघाला होता तिथे! झुडपाखाली ओंजळीएवढी दबलेली जागा, दोन-चार राखाडी केस. परत उलटे चालत आलो तेव्हा माग गुलाबापाशी संपला. खाली वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या, आणि फांद्या चाकूने तिरक्या छाटल्यासारख्या. जावई आधी हरणांवर घसरले होते. पण हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते फांदी ओरबाडतं. इतका स्वच्छ काप सशाचाच.

हा इथला कॉटनटेल. पाठ तपकिरी-करडी, शेपटीला कापसाचा बोळा चिकटवल्यासारखा. हिवाळ्यातही तो पांढरा होत नाही. पुरवणीत ‘ससे बिळं खणून राहतात’ असंही छापलंय. ते युरोपातल्या सशाचं. आपले पिंजऱ्यातले पांढरे ससे त्याच्याच वंशातले. कॉटनटेल बीळ खणत नाही, फार तर कडाक्याच्या थंडीत दुसऱ्याच्या जुन्या बिळात शिरतो. साताऱ्याकडे माळावर गाडीच्या उजेडात दिसतो तो आपला रानससाही गवतातच बसतो. पण त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनीच जन्मतात. कॉटनटेलची उघडीवाघडी आणि आंधळी.

परवा लॉन कापताना अशीच चार पिल्लं सापडली. उथळ खड्डा, वर सुकं गवत आणि आईने स्वतःच्या अंगचे उपटून घातलेले केस. शेजारच्या बाई पिल्लं पोरकी समजून खोक्यात भरायला निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. आई दिवसभर फिरकत नाही, पहाटे नि संध्याकाळी येऊन घाईने पाजून जाते. सतत बसून राहिली तर कोल्ह्या-मांजरांना पत्ताच मिळेल. जेमतेम दोन-तीन आठवड्यांत ती पिल्लं खड्डा सोडून जातात. आम्ही गवत होतं तसं पसरलं आणि तेवढा तुकडा न कापता ठेवला.

तर पुढच्या रविवारी बाण फिरवून छापावा, ही विनंती. नातवाने ‘डावीकडे’ लिहिलंय, आणि तुमच्या उत्तरांत ते चूक धरलंय. त्याचा एक गुण तुमच्याकडे बाकी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा